कार्ल थिओडोर डुसिक

कार्ल थिओडोर डुसिक (इ.स. १९०८ – इ.स. १९६८) हे ऑस्ट्रियातील मेंदूविकारतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ होते. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीचा (अल्ट्रासाउंडचा) रोगनिदानासाठी उपयोग करून पाहणाऱ्या पहिल्या काही वैद्यांमध्ये त्यांची गणना होते. जिवंत माणसाच्या मेंदूचे ध्वनीच्या साहाय्याने काढलेले चित्र १९४२ साली प्रसिद्ध करून त्यांनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. पुढील दहा वर्षांतच हे चित्र भ्रामक असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर १९५८ साली त्यांनी सांध्यांतील व सांध्यांभोवतीच्या ऊतींमधून ध्वनी कसा जातो याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या वेळी फारशी चर्चा न झालेला हा निबंध आज सांधे, स्नायू व कंडरा यांच्या सोनोग्राफीवरील पहिला निबंध मानला जातो.

प्रारंभीचा काळ

डुसिक यांचा जन्म १९०८ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण घेतल्यानंतर ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या मेंदूविकार व मनोविकार चिकित्सालयात काम करू लागले. त्या काळी ओटो पोट्झल हे या चिकित्सालयाचे प्रमुख होते. मॅनफ्रेड झाकेल हे वैद्य तेथेच छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना इन्शुलिनची मोठी मात्रा देऊन काही काळ बेशुद्धावस्थेत नेण्याची उपचारपद्धती विकसित करीत होते. डुसिक यांनी झाकेल यांच्यासमवेत या पद्धतीवर काम केले आणि १९३६ साली दोघांनी मिळून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही उपचारपद्धती पुढे जगभर पसरली, परंतु ती धोकादायक होती आणि तिच्या उपयुक्ततेचा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्यामुळे १९५० च्या दशकानंतर ती मागे पडत गेली.

पार्श्वभूमी

माणसाला साधारणपणे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् निर्माण होते, हे प्येर क्यूरी आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० साली दाखवून दिले होते. उलटपक्षी, अशा स्फटिकास विद्युत् पुरविली तर तो थरथरतो व ध्वनी उत्पन्न करतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझव्हँ या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकांनी पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस रशियातील सर्गेई सोकोलोव्ह यांनी धातूच्या ठोकळ्यातून श्राव्यातीत ध्वनी पाठवून आतील भेगा व पोकळ्या ओळखण्याची कल्पना मांडली. ठोकळ्याच्या एका बाजूने ध्वनी सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला तो किती पोहोचला हे पाहायचे, असे या पद्धतीचे तत्त्व होते.

मेंदूचे निदान करणाऱ्या वैद्यांची अडचण त्या काळी मोठी होती. साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसे, पण मेंदूतील गाठ किंवा मेंदूतील द्रवाने भरलेली विवरे दिसत नसत. ती दिसावीत म्हणून विवरांतील द्रव काढून त्या जागी हवा भरावी लागे. ही तपासणी रुग्णास अत्यंत क्लेशदायक होती आणि तिच्यात जिवालाही धोका असे. रुग्णाला सुई न टोचता व हवा न भरता मेंदूच्या आत पाहता यावे, ही गरज डुसिक यांच्या प्रयत्नांच्या मुळाशी होती.

मेंदूचे ध्वनिचित्र

धातूतील भेग ध्वनीने कळते, तर मेंदूतील विवर का कळू नये, असा विचार डुसिक यांनी १९३७ च्या सुमारास सुरू केला. मेंदूचा घन भाग आणि विवरांतील पातळ द्रव हे ध्वनीचे शोषण वेगवेगळ्या प्रमाणात करीत असणार, असे त्यांचे गृहीत होते. पदार्थवैज्ञानिक असलेले त्यांचे बंधू फ्रिड्रिख हे या कामात त्यांना साहाय्य करीत होते.

त्यांच्या उपकरणात डोक्याच्या एका बाजूस ध्वनी सोडणारा व विरुद्ध बाजूस तो ग्रहण करणारा स्फटिक असे. हवेतून हा ध्वनी नीट जात नसल्यामुळे मध्ये पाण्याचे माध्यम वापरले जाई. सेकंदाला सुमारे १२ लाख कंपनांचा ध्वनी डोक्यातून आरपार पाठविला जाई आणि दोन्ही स्फटिक एकाच वेळी सरकवीत प्रत्येक बिंदूला पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता प्रकाशाच्या रूपाने नोंदविली जाई. अशा रीतीने उजळ व गडद ठिपक्यांचे एक चित्र तयार होई. या विषयावरील डुसिक यांचा पहिला निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. युद्धामुळे तो इतर देशांत उशिराने पोहोचला. १९४७ साली डुसिक बंधूंनी एका सहकाऱ्यासह अधिक चित्रे प्रसिद्ध केली व या पद्धतीला ‘हायपरफोनोग्राफी’ असे नाव दिले. चित्रांत मध्यभागी दिसणारा विशिष्ट आकार हा मेंदूतील पार्श्व विवरांचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आक्षेप व खंडन

युद्धानंतर या चित्रांची दखल अमेरिका व जर्मनी या दोन्ही देशांत घेतली गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील एका गटाने याच तत्त्वावरील उपकरण बांधून पुढील प्रयोग सुरू केले. जर्मनीत डब्ल्यू. ग्युटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीही कवटीतून जाणाऱ्या ध्वनीचा काटेकोर अभ्यास केला. ग्युटनर यांच्या गटाचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडील प्रयोगांचा निष्कर्ष सारखाच निघाला. आत मेंदू नसलेल्या, केवळ पाणी भरलेल्या कवटीचे चित्र घेतले तरी जवळजवळ तसाच आकार उमटत होता. डुसिक यांना विवरे वाटलेला आकार प्रत्यक्षात कवटीच्या हाडाने उत्पन्न केलेला होता.

याचे कारण हाडाच्या गुणधर्मांत आहे. मऊ ऊतींच्या तुलनेत हाड ध्वनीचे शोषण कितीतरी पटींनी अधिक करते. शिवाय ऊती व हाड यांच्या सीमेवर ध्वनीचा मोठा भाग परावर्तित होतो. कवटीची जाडी सर्वत्र सारखी नसते व तिचा आकारही वक्र असतो. त्यामुळे पलीकडे पोहोचणाऱ्या ध्वनीतील चढउतार मुख्यतः हाडाच्या जाडीवर व वळणावर अवलंबून राहतात. मेंदू आणि द्रव यांच्यातील सूक्ष्म फरक त्यात झाकून जातो. या निष्कर्षानंतर आरपार ध्वनी पाठवून मेंदूचे चित्र काढण्याचे प्रयत्न मागे पडले. संशोधकांचा कल ध्वनीचे स्पंद पाठवून परत येणाऱ्या प्रतिध्वनींचा वेध घेण्याकडे वळला. आजची सोनोग्राफी याच प्रतिध्वनितत्त्वावर चालते.

ध्वनीचा उपचारासाठी उपयोग

निदानाच्या आधीच श्राव्यातीत ध्वनीचा उपचारासाठी वापर सुरू झाला होता. बर्लिन येथे राइमार पोलमन यांनी मानवी ऊतींतील ध्वनिशोषणाचा अभ्यास केला आणि मांडीच्या मागून पायात उतरणाऱ्या गृध्रसीच्या वेदनेवर ध्वनीचे उपचार केल्याचे १९३९ साली प्रसिद्ध केले. युद्धानंतर युरोपात सांधेदुखी व स्नायूंच्या दुखण्यांवर हे उपचार फार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. १९४९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे वैद्यकातील श्राव्यातीत ध्वनी या विषयावर परिषदही भरली.

उपचारासाठीचे उपकरण आणि निदानाचे उपकरण यांत फरक आहे. भौतिकोपचार केंद्रात त्वचेवर जेल लावून ज्याचा दांडा दुखऱ्या भागावर फिरवतात, ते उपकरण चित्र काढीत नाही. त्यातील अधिक शक्तीचा ध्वनी ऊतींत शोषला जातो आणि तेथे ऊब निर्माण होते. निदानाच्या उपकरणातील ध्वनी अत्यंत लहान स्पंदांच्या रूपात पाठविला जातो व तापविणे हा त्याचा हेतू नसतो. मात्र दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कोणती ऊती किती ध्वनी शोषून घेते? त्वचा, चरबी व स्नायू ओलांडून सांध्यापर्यंत नेमका किती ध्वनी पोहोचतो, हे ठाऊक नसताना उपचाराची मात्रा ठरविणे म्हणजे अंदाजाने औषध देण्यासारखेच होते. ध्वनीच्या उपचाराने वेदना किती कमी होतात याविषयीचा पुरावा पुढील काळातील अनेक चाचण्यांच्या परीक्षणांत दुर्बळ आढळला आहे.

सांध्यांतील ऊतींचे मापन

१९५० च्या दशकात डुसिक अमेरिकेत स्थायिक झाले. तेथे त्यांनी तीन सहकाऱ्यांसह वरील प्रश्न हाती घेतला. त्वचा, चरबी, स्नायू, कंडरा, सांध्याभोवतीचे आवरण, सांध्यातील कूर्चा आणि हाड या प्रत्येक ऊतीतून जाताना ध्वनी किती क्षीण होतो, हे त्यांनी स्वतंत्रपणे मोजले. हा निबंध १९५८ साली भौतिक चिकित्सेला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात चित्र काढल्याचा दावा नव्हता. एकेका ऊतीची मोजमापे क्रमाने दिलेली होती.

या मोजमापांत ध्वनी सर्वांत अधिक क्षीण होतो तो हाडात, हे स्पष्ट झाले. ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे डुसिक यांचे मेंदूचे चित्र फसले होते, तीच आता त्यांच्या नोंदींत आकड्याच्या रूपाने आली. दुसरा निष्कर्ष तंतुमय ऊतींविषयीचा होता. तंतू ज्या दिशेने गेले आहेत त्या दिशेच्या संदर्भात ध्वनी कोणत्या कोनातून येतो, यावर तो किती क्षीण होईल हे अवलंबून असते. ऊतींच्या ध्वनिविषयक गुणधर्मांतील या दिशाभेदाची ही पहिली नोंद मानली जाते.

या दिशाभेदाचे व्यावहारिक महत्त्व पुढे प्रतिध्वनींच्या चित्रणात दिसून आले. कंडरेतील तंतू दोरखंडातील पेडांसारखे एकमेकांना समांतर असतात. ध्वनी त्यांच्यावर काटकोनात पडला तर प्रतिध्वनी सरळ परत येतो आणि कंडरा उजळ दिसते. तो तिरका पडला तर प्रतिध्वनी दुसरीकडे जातो आणि तीच निरोगी कंडरा काळपट दिसू लागते. नवख्या तपासनिसाला तेथे कंडरा फाटल्याचा भास होऊ शकतो. म्हणून खांदा, घोटा किंवा मनगट तपासताना तज्ज्ञ उपकरणाचा दांडा जागच्या जागी थोडा कलवून पाहतात. कोन बदलताच काळा भाग उजळला तर कंडरा शाबूत आहे, असा निष्कर्ष काढला जातो.

याच वर्षी, १९५८ मध्ये, ग्लासगो येथील इयन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा पोटातील गाठींच्या ध्वनिचित्रणावरील सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. त्यातून स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफी झपाट्याने वाढली. सांध्यांच्या मोजमापांकडे मात्र बराच काळ फारसे लक्ष गेले नाही.

नंतरची प्रगती

डुसिक यांचे निधन १९६८ साली झाले. सांध्याचे ध्वनिचित्र त्यांच्या हयातीत निदानाच्या नित्य वापरात आले नव्हते. १९७२ साली डॅनियल मॅक्डोनल्ड व जॉर्ज लिओपोल्ड यांनी गुडघ्याच्या मागे होणारी द्रवाची गाठ आणि पायाच्या शिरेतील रक्ताची गुठळी यांत ध्वनिचित्राने फरक करून दाखविला. दोन्ही विकारांत पोटरी सुजून दुखते, पण उपचार सर्वस्वी भिन्न असतात. १९७८ साली पीटर कूपरबर्ग व सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यातील आतील अस्तराची सूज सोनोग्राफीने दाखविली. १९८० साली ऑस्ट्रियातीलच राइनहार्ट ग्राफ यांनी तान्ह्या मुलांच्या खुब्याची तपासणी करण्याची पद्धत मांडली. या वयात खुब्याचा मोठा भाग कूर्चेचा असतो. क्ष-किरणांना न दिसणारी ही कूर्चा ध्वनीला दिसते. त्यामुळे खुब्याचा जन्मजात दोष मूल चालू लागण्यापूर्वीच ओळखणे शक्य झाले. १९९० च्या दशकात डॉपलर तंत्राने सुजलेल्या सांध्यातील वाढलेला रक्तप्रवाहही पाहता येऊ लागला.

आज सांध्यातील द्रव काढताना किंवा सांध्यात औषध टोचताना सुईचे टोक पडद्यावर पाहत ती योग्य जागी नेता येते. हाडाच्या आत सोनोग्राफीला आजही पाहता येत नाही. तथापि हाडाचा पृष्ठभाग चित्रात ठळक पांढऱ्या रेषेसारखा उमटतो. ती रेषा ओळखून तज्ज्ञ तिच्या वरची कूर्चा, कंडरा व द्रव यांची जागा निश्चित करतात, तसेच त्या रेषेत पडलेल्या खाचांवरून संधिवाताने हाड झिजू लागल्याचेही ओळखतात.

मूल्यमापन

डुसिक यांच्या प्रमुख तीन कामांपैकी इन्शुलिनची उपचारपद्धती टाकून देण्यात आली आणि मेंदूची चित्रे खोटी ठरली. तरीही त्या चित्रांनी इतर संशोधकांना या वाटेवर आणले, हे इतिहासकार मान्य करतात. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी झालेल्या प्रयोगांतूनच ध्वनी आणि मानवी ऊती यांच्याविषयीचे बरेच पक्के ज्ञान हाती आले. मेंदूतील विवरे ध्वनीने पाहण्याची त्यांची इच्छाही पुढे एका मर्यादेत पूर्ण झाली. नवजात बालकाची टाळू भरलेली नसते, म्हणजे तेथे हाडाचा अडथळा नसतो. त्या जागेतून आज अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मेंदूची विवरे सोनोग्राफीने नित्यनेमाने तपासली जातात.

सांध्यांवरील त्यांचे काम मात्र दुरुस्त करून वापरावे लागले नाही. ध्वनीने शरीरात काय दिसेल हे सांगण्याआधी शरीर ध्वनीचे काय करते हे मोजले पाहिजे, हा धडा त्यांनी स्वतःच्या चुकीतून घेतला होता असे म्हणता येते. १९५८ चा त्यांचा निबंध त्याच धड्याचे फळ आहे.