फ्लॉरेन्स नाइटिंगेल व परिचारिकांची शाळा

हातांत दिवा घेऊन रात्रीच्या वेळीं जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. परंतु तो दिवा बाईंच्या हातीं पुरतीं दोन वर्षेंही नव्हता. त्यानंतर त्या चौपन्न वर्षें जगल्या, आणि त्यांचें अधिक मोठें कार्य त्या काळांतलें आहे, असें मला वाटतें. तें मुलांपेक्षांही त्यांच्या आईबापांनीं वाचण्याजोगें आहे.

ता. १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका सधन इंग्रज कुटुंबांत बाईंचा जन्म झाला व त्या शहराचेंच नांव त्यांना ठेवण्यांत आलें. वडिलांनीं त्यांना घरींच ग्रीक व लॅटिन शिकविलें. गणिताची त्यांना उपजतच गोडी होती. पुढें रुग्णसेवा करावी असें त्यांच्या मनानें घेतलें, तेव्हां घरांत मोठा आकांत झाला. आईबापांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. त्या काळच्या इंग्लंडांत इस्पितळांतील नर्स म्हणजे तुटपुंज्या पगारावर राबणारी, अशिक्षित व बहुधा व्यसनी बाई, अशीच लोकांची समजूत होती. कुलीन मुलीनें तिकडे जाणें म्हणजे घराण्यास बट्टा. (आपल्याकडेही किती घरांतून मुलींना हेंच ऐकावें लागलें आहे!) वर्षानुवर्षें थांबल्यावर १८५१ सालीं जर्मनींत ऱ्हाइन नदीकांठीं कैसरवर्थ येथें पाळक फ्लीडनर यांच्या सेविकाश्रमांत त्यांना तीन महिने शिकावयास मिळालें.

१८५४ सालीं क्रिमियाचें युद्ध चालू असतां मंत्री सिडनी हर्बर्ट यांनीं तुर्कस्तानांतील स्कुटारी येथल्या लष्करी इस्पितळांत परिचारिका घेऊन जाण्याची बाईंस विनंती केली. पैसा होता, सरकारी हुकूम होता; पण माणसें कोठें होतीं? घाईघाईनें शोधाशोध करून कशाबशा ३८ स्त्रिया जमल्या. त्यांपैकीं २४ निरनिराळ्या धर्मसंस्थांतील होत्या. उरलेल्या इस्पितळांत काम केलेल्या. पण शिकून तयार झालेल्या अशा थोड्याच. कांहींना तेथून परत पाठवावें लागलें. तुंबलेल्या गटारांवर उभ्या असलेल्या त्या इमारतींत जखमांपेक्षां रोगांनींच अधिक शिपाई मेले. १८५५ सालीं आरोग्य-मंडळानें तीं गटारें साफ करविलीं, तेव्हां मृत्युसंख्या झपाट्यानें उतरली. स्वदेशीं परतल्यावर बाईंनीं हे आंकडे आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढें मांडले. नुसती दया पुरत नाहीं, शिकलेले हात लागतात, हें त्या स्कुटारीस शिकल्या होत्या.

कृतज्ञ जनतेनें त्यांच्या नांवें सुमारें ४५,००० पौंडांचा निधि जमविला होता. त्यांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या वर्षीं विद्यार्थिनी अवघ्या पंधरा! शिक्षण एक वर्षाचें. राहणें, जेवण, पोषाख शाळेचा आणि वर दहा पौंड हातखर्च. मेट्रन वॉर्ड्रोपरबाई प्रत्येकीचें मासिक पत्रक भरीत. त्यांत जखम बांधण्याचें कौशल्य जसें नोंदलें जाई, तसाच वक्तशीरपणा, टापटीप व विश्वासूपणाही. वर्ष संपल्यावर शाळा सांगेल त्या इस्पितळांत कांहीं वर्षें काम करावयाचें, अशी अट होती.

आतां पंधरा मुलींनीं सबंध देशाची उणीव कशी भरून निघणार? बाईंचा हिशोब निराळा होता. एकेकटी परिचारिका कोठेंतरी पाठविली, तर ती जुन्या रीतींत बुडून जाते. म्हणून एक तयार मेट्रन व तिच्या हाताखालीं चार-पांच किंवा दहा-बारा जणी अशी तुकडीच पाठवावी, आणि त्या तुकडीनें तेथें नव्या मुली शिकवाव्या. १८६५ सालीं लिव्हरपूल येथील वर्कहाउसच्या इस्पितळांत ॲग्नेस जोन्स बारा परिचारिकांसह गेल्या. तेथें हजारावर गोरगरीब रोगी; त्यांची शुश्रूषा आश्रमांतील कंगाल बायकांच्या हातीं होती. तीनच वर्षांत ॲग्नेसबाई ज्वरानें वारल्या. वय अवघें पस्तीस. परंतु काम थांबलें नाहीं. १८६८ सालींच ल्यूसी ऑस्बर्न पांच जणींसह ऑस्ट्रेलियांत सिडनीस पोंचल्या, व तेथेंही शिक्षण सुरू झालें.

बाई स्वतः बहुतेक काळ आजारानें खोलींतच असत. पत्रांवर पत्रें लिहून त्या हें सारें चालवीत. एका गोष्टींत मात्र त्यांचा आग्रह मला पटत नाहीं. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, ह्या मागणीस त्यांनीं कडवा विरोध केला. चांगुलपणाची परीक्षा घेतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तो कायदा त्यांच्या पश्चात् १९१९ सालीं झाला.

हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. तरी १८६५ सालीं येथल्या इस्पितळांतील शुश्रूषेची व्यवस्था कशी असावी ह्याविषयीं त्यांनीं सूचना लिहिल्या, आणि खेड्यांतील स्वच्छतेसंबंधानें पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता.

ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं नव्वदाव्या वर्षीं त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन करण्याचा मान देऊं केला असतां आप्तांनीं तो नाकारला. ईस्ट वेलो ह्या खेड्यांत आईबापांजवळ त्यांना पुरलें आहे. दगडावर त्यांच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें व जन्ममृत्यूचीं वर्षें आहेत.