साने गुरुजी व अमळनेरचे छात्रालय

वाचकहो, हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणारे पुष्कळ आईबाप आपली मुले आजीपाशी किंवा वसतिगृहात ठेवून जातात. त्या मुलांस पाढे व धडे शिकविणारा मिळतो; परंतु राग कसा आवरावा, दुसऱ्याचे दुःख कसे ओळखावे, हे त्यांस कोणी शिकवावे, असा प्रश्न आमच्या खेड्यांतील मास्तरांस व उपदेशकांस पडत असेल. ज्या शिक्षकाने ह्याचे उत्तर आपल्या कृतीने दिले, त्याचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण पुढे दारिद्र्य आले. आई यशोदाबाई घरातील लहानसहान कामांतूनच मुलास खरेपणा व दया शिकवीत. गावची शाळा संपल्यावर ते दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. मग औंधास व तेथून पुण्यास गेले. परक्या गावी हाल सोसून, कधी अर्धपोटी राहून त्यांनी विद्या संपादिली. १९१७ साली आई वारली, तेव्हा ते तिच्याजवळ नव्हते. हे शल्य त्यांस जन्मभर राहिले.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, व पुढे तेथील छात्रालयाचा भार त्यांजकडे आला. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या मनात काय असते, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त अंथरुणे नीट करीत, कपड्यांच्या घड्या घालीत, मळलेले कपडे धूत. कोणी आजारी पडल्यास त्याच्या उशाशी बसत. अशाने मुले आळशी होतील, असे कोणी म्हणेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले असते! पण घडले उलटे. ओशाळून मुले स्वतःच झाडू हाती घेऊ लागली. त्यांस ना छडी लागली, ना उपदेश. ते एक हस्तलिखित दैनिकही काढीत. छात्रालयातील वर्तमान, थोरांच्या गोष्टी, मुलांच्या वागण्याविषयी प्रेमाचे दोन शब्द, असे सर्व ते आपल्या हाताने लिहीत. आमच्या मते शीलाचा असा वेगळा तास नसतोच. छात्रालयाचा सारा दिवस तोच तास होता.

ही नोकरी सहाच वर्षे चालली. १९३० साली ती सोडून ते सत्याग्रहात पडले व अनेक वेळा तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहिले. अमळनेरच्या मुलांस जे हातांनी दिले होते, ते आता घरोघरच्या मुलांस मिळाले. ११ जून १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यापूर्वीची एक गोष्ट आमच्या वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य म्हटलेल्या लोकांस प्रवेश नव्हता. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानितात, त्या नामदेवांची पायरी मंदिराच्या दाराशी आहे, व तिच्या समोरच चोखोबांची समाधी. चोखोबांच्या जातीची माणसे शेकडो वर्षे तेथूनच परत फिरत. साने गुरुजींनी गावोगाव फिरून लोकांची मने वळविली, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. छात्रालयातील रीत तीच होती: दुसऱ्यास दोष न देता कष्ट आपल्या अंगावर घ्यावयाचे. दहा दिवस ते अन्नावाचून राहिले. १० मे रोजी उपोषण सुटले. आणि नामदेवांच्या पायरीपाशी अडविलेली माणसे ती ओलांडून आत गेली.