मिनू मसानी आणि स्वतंत्र पक्ष

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत केंद्रातील काँग्रेस सरकारवर टीका करणारे पक्ष अनेक होते. त्यांतील बहुतेकांची तक्रार अशी, की सरकार समाजवादाच्या वाटेने पुरेशा वेगाने जात नाही. ती वाटच चुकीची आहे, असे उघडपणे म्हणणारा एक पक्ष १९५९ मध्ये जन्मास आला. त्याचे नाव स्वतंत्र पक्ष. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे त्याचे संस्थापक आणि आचार्य रंगा हे पहिले अध्यक्ष. परंतु त्याची बांधणी करणारा आणि संसदेत त्याची बाजू आकडेवारीनिशी मांडणारा नेता मुंबईचा होता. मिनोचर रुस्तम मसानी, म्हणजेच मिनू मसानी, यांचा हा परिचय आहे.

मसानींचा जन्म २० नोव्हेंबर १९०५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील सर रुस्तम मसानी हे मुंबईचे महापालिका आयुक्त आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. दादाभाई नौरोजींचे चरित्र त्यांनीच लिहिले. अशा सुस्थित घरातील मुलगा एल्फिन्स्टन महाविद्यालयातून लंडनला गेला, तेथे अर्थशास्त्र शिकला, बॅरिस्टर झाला आणि परतला तो पक्का समाजवादी होऊन. मुंबई उच्च न्यायालयातील वकिलीत त्याचे मन रमले नाही. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्याला तुरुंगवास घडला.

नाशिकच्या तुरुंगातील ते दिवस भारतीय राजकारणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, नारायण गणेश गोरे हे तरुण तेथे एकत्र आले होते. स्वराज्य मिळाल्यावर ते कोणाचे असेल, जमीनदाराचे की कुळाचे, गिरणीमालकाचे की कामगाराचे, या प्रश्नांवर तेथे चर्चा होत. त्या चर्चांतूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उदयास आला. मसानी त्याच्या प्रमुख संघटकांपैकी एक होते. ज्या माणसाला पुढे उजव्या विचारांचा म्हणून हिणवले गेले, त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे समाजवादाच्या प्रचारात घालवली होती, ही गोष्ट त्याचे चरित्र वाचताना विसरता कामा नये.

मग मत बदलले कशामुळे? १९३५ मध्ये मसानी सोव्हिएत रशिया पाहून आले होते. त्यानंतर लवकरच मॉस्कोमध्ये खटल्यांचे सत्र सुरू झाले. क्रांती घडवून आणणारे जुने नेतेच देशद्रोही ठरवून गोळीबारापुढे पाठवण्यात येऊ लागले. इकडे मायदेशी कम्युनिस्ट कार्यकर्ते समाजवादी पक्षात शिरून तो आतून ताब्यात घेत आहेत, असे मसानींना दिसू लागले. सहकाऱ्यांना ते पटेना. १९३९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. सारी सत्ता आणि सारी संपत्ती राज्यसंस्थेच्या हाती गेली, तर गरिबाला न्याय मिळण्याऐवजी त्याचे तोंडच बंद होते, या निष्कर्षापर्यंत ते येऊन पोहोचले. ज्या मित्रांबरोबर तुरुंगात भाकर वाटून खाल्ली, त्यांच्यापासून विचाराने दूर होणे सोपे नसते. मसानींनी ते केले, आणि जयप्रकाशांशी असलेला स्नेहही टिकवला.

राजकारणातून बाजूला होऊन ते टाटा उद्योगसमूहात दाखल झाले. १९४० मध्ये त्यांचे 'आवर इंडिया' हे मुलांसाठी लिहिलेले सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. देशाची शेती, खनिजे, लोकसंख्या अशा रुक्ष विषयांवरील हे पुस्तक एका पिढीने आवडीने वाचले. १९४३ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. पुढे संविधान सभेचे सदस्य म्हणून हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांच्यासह त्यांनी समान नागरी कायद्याचा आग्रह धरला. ब्राझीलमध्ये भारताचे राजदूत म्हणूनही त्यांनी काही काळ काम केले. १९५२ मध्ये त्यांनी 'फ्रीडम फर्स्ट' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. १९५७ मध्ये झारखंड पक्षाच्या पाठिंब्याने ते रांचीतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरले. तेथे संमत झालेल्या ठरावाने देशभर खळबळ उडाली. शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र करून सामुदायिकपणे कसाव्यात, असे त्या ठरावाचे उद्दिष्ट होते. मालकी कागदोपत्री शेतकऱ्याची राहणार होती. पण बांध मोडल्यावर मालकी उरते कोठे, असा प्रश्न विरोधकांनी विचारला. रशिया आणि चीनमध्ये सामुदायिक शेतीचे काय झाले, हे मसानींनी अभ्यासले होते. आचार्य रंगांनी शेतकऱ्यांच्या वतीने या ठरावाविरुद्ध आवाज उठवला आणि काँग्रेस सोडली. राजाजी तर ऐंशी वर्षांचे होते. देशाचे गव्हर्नर जनरल हे पद भूषवलेल्या या वृद्ध नेत्याने आयुष्यभराचा पक्ष बाजूस सारून नव्या पक्षाचे नेतृत्व पत्करले.

जून १९५९ मध्ये मद्रास येथे पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे पहिले अधिवेशन भरले. मसानी सरचिटणीस झाले. शेतकऱ्याची जमिनीवरील मालकी, व्यवसायाचे स्वातंत्र्य, कमी कर आणि सरकारी हस्तक्षेपाला मर्यादा ही पक्षाची मुख्य तत्त्वे होती. कारखाना काढायचा तर परवाना, माल आणायचा तर परमिट, विकायचा तर कोटा, अशी त्या काळची व्यवस्था होती. राजाजी तिला परमिट-परवाना राज्य म्हणत, आणि तो शब्दप्रयोग रूढ झाला. या पक्षात आणखी एक वेगळेपण होते. मूलभूत तत्त्वे सोडून अन्य विषयांवर सदस्यांना आपापल्या मताप्रमाणे वागण्याची मोकळीक होती.

काँग्रेस नेत्यांनी या पक्षाला राजेरजवाड्यांचा आणि भांडवलदारांचा पक्ष म्हटले. तो आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, ओरिसातील संस्थानिक आणि मुंबईतील काही उद्योगपती पक्षात होते, आणि निवडणुकीतील त्याच्या बळाचा मोठा वाटा संस्थानी मुलखातूनच येत होता. मात्र पक्षाला सरसकट सनातनी म्हणणे योग्य होणार नाही. राजाजींचा कल परंपरेकडे होता, तर मसानी स्वतःला उदारमतवादी मानत. धर्माच्या नावाने राजकारण करणे त्यांना अमान्य होते.

महाराष्ट्रात हा पक्ष रुजला नाही. पहिले अधिवेशन मुंबईत, सरचिटणीस मुंबईचे, आणि तरीही मराठी शेतकरी दूरच राहिला. येथे त्या वेळी सहकारी साखर कारखान्यांचा विस्तार होत होता. 'सहकार' या शब्दाची येथील बागायतदाराला धास्ती वाटत नव्हती, उलट त्यात त्याला आपला उत्कर्ष दिसत होता. पक्षाचा इंग्रजी तोंडवळाही आड आला असावा. शेजारच्या गुजरातेत भाईलालभाई पटेलांसारखा मातीतला नेता लाभल्याने १९६७ मध्ये विधानसभेच्या ६६ जागा मिळाल्या.

संसदेत मात्र मसानींनी पक्षाची छाप पाडली. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर १९६३ मध्ये तीन पोटनिवडणुकांकडे देशाचे लक्ष लागले होते. अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फर्रुखाबादमधून डॉ. राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मसानी विजयी झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, परंतु सरकारला लोकसभेत दिवसेंदिवस उत्तरे द्यावी लागली.

१९६७ च्या निवडणुकीत पक्षाने ४४ जागा जिंकल्या आणि तो लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. त्या वर्षी मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. सरकारने खर्च केलेल्या पैशाचा हिशेब तपासणारी ही समिती तोवर सत्ताधारी पक्षाच्याच सदस्याच्या हाती असे. विरोधी पक्षाच्या सदस्याला हे पद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तोच संकेत पुढे चालू राहिला.

चार वर्षांत सारे पालटले. बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा प्रश्न यांमुळे इंदिरा गांधींची लोकप्रियता वाढली होती. १९७१ मध्ये स्वतंत्र पक्ष इतर विरोधकांच्या आघाडीत सामील झाला. एका कलमी विरोधासाठी परस्परविरोधी तत्त्वांच्या पक्षांशी हातमिळवणी केल्याने त्याची वेगळी ओळख पुसली गेली, असे म्हणावे लागते. त्याला अवघ्या ८ जागा मिळाल्या. मसानी स्वतः राजकोटमध्ये पराभूत झाले आणि त्यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९७२ रोजी, राजाजींचे निधन झाले. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

पक्ष संपला, मसानी थांबले नाहीत. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर सरकारी अधिकाऱ्यास दाखवणे सक्तीचे झाले. 'फ्रीडम फर्स्ट'मधील मजकूर नाकारला जाताच मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. मोठमोठी दैनिके मुकाट्याने नियम पाळत असताना, सत्तरीत पोहोचलेला हा गृहस्थ एका छोट्या नियतकालिकासाठी भांडत होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असतानाच, खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर सभ्य टीका करणे हा आणीबाणीतही गुन्हा ठरत नाही आणि नियंत्रण अधिकाऱ्याला मनमानी करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

१९७८ मध्ये ते अल्पसंख्याक आयोगाचे अध्यक्ष झाले, पण लवकरच त्या पदावरून दूर झाले. १९८९ मध्ये निवडणूक कायद्यात अशी दुरुस्ती झाली, की नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाने इतर तत्त्वांबरोबर समाजवादावरही निष्ठा जाहीर केली पाहिजे. स्वतंत्र पक्ष त्या वेळी असता, तर त्याला हे मान्य करणे अवघड गेले असते. १९९१ मध्ये मात्र केंद्र सरकारनेच परवान्यांची बहुतेक बंधने उठवली. तेव्हा मसानी शहाऐंशीच्या घरात होते. १९९४ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांनी महाराष्ट्रात स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि राजाजींच्या पक्षाशी असलेले वैचारिक नाते नावातूनच सांगितले. २७ मे १९९८ रोजी मुंबईत मसानींचे निधन झाले. 'फ्रीडम फर्स्ट' त्यानंतरही निघत राहिले.