पालखी कोणाची, गोंडा कोणाच्या हाती?

भविष्यातील भयाण समाजव्यवस्थेचे चित्र रेखाटणाऱ्या कादंबऱ्या आज आवडीने वाचल्या व अभ्यासल्या जातात. मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५ सालच्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत स्त्रियांच्या नोकऱ्या जातात, बँकेतील खाती गोठवली जातात आणि त्यांचा पैसा नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुषाच्या ताब्यात जातो. दास्याचा पाया तेथे आर्थिक आहे. ज्या पिढीतील मराठी स्त्रियांना अशा परावलंबनाची कल्पना करावी लागत नव्हती, कारण त्या त्यातच जन्मल्या होत्या, त्या पिढीतील काशीबाई कानिटकर यांनी दुःस्वप्न न रंगवता एक सुस्वप्न रंगवले. त्यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

काशीबाईंचा जन्म १८६१ साली सांगलीजवळील आष्टे येथे झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पुण्याच्या गोविंद वासुदेव कानिटकरांशी झाला. पतीला शिकलेली पत्नी हवी होती, तर घरातील वडीलधाऱ्यांना बाईच्या हातातील पुस्तक खपत नव्हते. या कात्रीत सापडलेल्या मुलीने चोरून अक्षरे गिरवली. पुढे न्यायखात्यात गेलेले आणि मिल्लच्या स्त्रीदास्यावरील ग्रंथाचा मराठी अनुवाद करणारे गोविंदराव हे सुधारक होते खरे. परंतु पत्नीचे शिक्षणही पतीच्या इच्छेवर अवलंबून होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे १८८७ साली निधन झाल्यानंतर काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. 'रंगराव' ही कादंबरी १९०३ साली ग्रंथरूपाने आली आणि १९२८ साली 'पालखीचा गोंडा' प्रसिद्ध झाली. या कादंबरीतील रेवतीचे लग्न फसवणुकीने एका मंदबुद्धी संस्थानिकाशी लावून दिले जाते. नशिबाला दोष देत न बसता ती कारभार हाती घेते आणि स्त्रियांना शिक्षण व समान हक्क देणारे राज्य उभारते.

बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली स्त्रियांचे राज्य दाखवले, ते स्वप्नाच्या आधाराने. काशीबाईंना आधार घ्यावा लागला तो नवऱ्याच्या गादीचा. नवरा असमर्थ असल्याखेरीज आणि त्याचे नाव पुढे असल्याखेरीज स्त्रीच्या हाती सत्ता येईल, हे त्यांच्या कल्पनेलाही शक्य वाटले नाही. हा लेखिकेचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. तिच्या काळाचा हा अचूक हिशेब आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा नव्हता. तो महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. काशीबाई १९४८ सालीच निवर्तल्या होत्या.

कायदा बदलला, म्हणून हिशेब मिटला असे मात्र नाही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. मोळ्या मात्र बाईच्या डोक्यावर असतात. खाडा झाला तर दंड जोडीला बसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हे कोणत्याही कादंबरीतले प्रकरण नव्हते.

रेवतीने नवऱ्याच्या नावावर राज्य केले. ऊसतोडीतली बाई नवऱ्याच्या नावावर राबते. काशीबाईंचा गौरव करावयाचा असेल, तर शाळा-महाविद्यालयांतील समारंभांपेक्षा एक साधी सुधारणा अधिक मोलाची ठरेल. कोयत्याची जोडी हिशेबात फोडावी, बाईची नोंद स्वतंत्र व्हावी आणि तिची मजुरी तिच्याच हातात पडावी. काशीबाईंच्या कल्पनेला जे धाडस झाले नाही, ते करणे आजच्या व्यवस्थेला अवघड असण्याचे कारण नाही.