दमेकरी माणसाचा कॅमेरा

आमच्या हॉस्टेलात दर वर्षी कुणाच्या तरी डोक्यात कॅमेरा घ्यायचं भूत शिरतं. यंदा माझा नंबर लागला. इंटर्नशिपचे साठवलेले पैसे होते, वरचे थोडे घरून घेतले (परत करीन या बोलीवर). सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या दुकानात दोन कॅमेरे साधारण सारख्याच किमतीत बघून ठेवले. एक कॅननचा ५डी मार्क थ्री, म्हणजे फुल-फ्रेम डीएसएलआर. हातात घेतला की आपण लगेच प्रोफेशनल झाल्यासारखं वाटतं. दुसरा ऑलिंपसचा छोटासा मिररलेस, जर्किनच्या खिशात मावेल असा. रूममेटचं मत ठाम होतं. फुल-फ्रेम मिळत असताना खेळणं विकत घेणारा माणूस मूर्ख. मेसमध्ये चार दिवस याच विषयावर खल चालला होता, भाजी कशी आहे याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं!

माझी अडचण वेगळीच होती, आणि ती मेसमध्ये सांगण्यासारखी नव्हती. मला लहानपणापासून दमा आहे. सेकंड इयरला ट्रेकच्या वेळी सीनियर्सचा डीएसएलआर, दोन लेन्स आणि ट्रायपॉड उचलायचं मी मोठ्या हौसेने कबूल केलं होतं. अर्ध्या चढावर पंप काढून बसावं लागलं. बॅग दुसऱ्याने नेली आणि अर्थातच फोटोही त्यानेच काढले. त्या ट्रेकचा माझ्या हातचा एकही फोटो नाही.

अशा मनःस्थितीत लायब्ररीत छायाचित्रणाच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक चाळताना ऑस्कर बार्नाक भेटला. नाव आधी ऐकलं होतं, लायका कॅमेऱ्याचा जनक म्हणून. पण या माणसालाही दमा होता हे ठाऊक नव्हतं. मग पुस्तक रूमवरच आणलं.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, जर्मनीत ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनोव नावाच्या खेड्यातला. पुढे कुटुंब बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला आलं. पोराला चित्रकार व्हायचं होतं असं सांगतात. घरच्यांनी हातात कसब देणारा धंदा शिकायला लावलं. (हे आपल्याकडच्या किती जणांच्या बाबतीत झालंय ते सांगायला नको.) उपकरणं बनवणाऱ्या एका मेकॅनिककडे उमेदवारी केली, मग त्या काळच्या कारागिरांच्या रीतीप्रमाणे गावोगाव फिरून कामं केली आणि १९०२ साली तो येनाच्या कार्ल झाइस कंपनीत लागला. डिग्री नाही. फाइल आणि लेथवर बसलेला हात, एवढंच भांडवल.

येनाच्या आसपास थुरिंगियाचं जंगल आहे. सुटीच्या दिवशी तिथे भटकायचं आणि फोटो काढायचे हा त्याचा छंद. पण कॅमेरा कसला, तर १३ × १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेणारा. सोबत प्रत्येकी दोन प्लेटा धरणारे सहा होल्डर, म्हणजे एकूण बारा फोटो, आणि हे सगळं ठेवायला फिरत्या विक्रेत्याकडे असते तसली भलीमोठी चामड्याची पेटी. हे घेऊन डोंगर चढायचा, तोही दमेकऱ्याने. माझ्या पाठीवरची बॅग यापुढे काहीच नव्हती.

इथून पुढे मला हा माणूस खरा आवडायला लागला. कारण त्याने छंद सोडला नाही आणि बॅग उचलायला गडीही शोधला नाही. त्याने प्रश्न उलटा केला. मोठा फोटो हवा म्हणून निगेटिव्हही मोठीच कशाला? निगेटिव्ह छोटी काढू आणि नंतर कागदावर मोठी करू. १९०५ च्या सुमारास त्याने त्याच मोठ्या प्लेटवर पंधरा-वीस छोटे फोटो पाडून बघितले. ते साफ फसलं. प्लेटवरच्या रसायनाचा दाणा जाड, त्यामुळे छोटा फोटो मोठा करायला गेलं की चित्राऐवजी रवाच दिसायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर रेझोल्यूशन कमी आणि नॉइज जास्त. म्हणजे रूममेटचा मुद्दा १९०५ साली बरोबर होता!

बार्नाकने कल्पना बाजूला ठेवली, टाकून दिली नाही. झाइसमध्ये त्याची एमिल मेशाऊ नावाच्या माणसाशी दोस्ती झाली होती, तो सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करत होता. मेशाऊ पुढे वेट्झलार गावातल्या अर्न्स्ट लाइट्झ या मायक्रोस्कोपच्या कंपनीत गेला आणि त्याने बार्नाकचं नाव सुचवलं. जानेवारी १९११ मध्ये बार्नाक तिथे रुजू झाला आणि प्रयोगविभागाचं काम बघू लागला. कंपनीचं काम मायक्रोस्कोपचं, पण मालकाने याला सिनेमाच्या कॅमेऱ्याशी खटपट करायची मोकळीक दिली. त्या खटपटीत हाताशी आली ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म. तिचा दाणा प्लेटपेक्षा बारीक होता. जी कल्पना एका मटेरियलवर मेली होती ती दुसऱ्या मटेरियलवर जिवंत झाली.

आता थोडं गणित, कंटाळू नका. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते आणि एक चौकट २४ मिलिमीटर रुंद, १८ मिलिमीटर उंच असते. बार्नाकने फिल्म आडवी चालवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. झाले २४ × ३६. फिल्मच्या कडेची भोकं ४.७५ मिलिमीटरवर एक अशी असतात. आठ भोकं म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यातले ३६ फोटोचे, २ मधल्या फटीचे. हिशोब चोख बसला. तर मित्रांनो, आज आपण ज्याला फुल-फ्रेम म्हणून मान देतो तो २४ × ३६ चा आकार असा जन्माला आला. १३ × १८ च्या प्लेटशी तुलना केली तर त्याचं क्षेत्रफळ सत्तावीस पटीने कमी! त्या काळच्या फोटोग्राफरच्या नजरेत हे शुद्ध खेळणं. हे वाचलं त्या रात्री मी रूममेटला उठवून सांगितलं. तो कूस बदलून झोपला.

१९१४ च्या मार्चपर्यंत पहिला नमुना तयार झाला. आज त्याला उर-लायका म्हणतात. बार्नाकने स्वतः त्याला लिलिपुट कॅमेरा म्हटलं होतं, म्हणजे बुटक्यांच्या देशातला. बॉडी धातूची, खिशात मावणारी. मला त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती म्हणजे एकच गोल खटका फिरवला की फिल्म पुढे सरकते आणि शटरही ताणलं जातं. एकाच फिल्मवर चुकून दोन फोटो पडायची भानगड मिटली. मात्र एक खोट होती. खटका फिरवताना शटरची फट उघडी राहायची, म्हणून दर फोटोआधी लेन्सवर टोपण लावावं लागे. ही खोट पुढची दहा वर्षं टिकली. विक्रीच्या मॉडेलमध्ये शटरचे दोन्ही पडदे परत येताना एकमेकांवर चढलेले राहतील अशी रचना केली, तेव्हा कुठे टोपण सुटलं. आपण सेमिस्टरच्या प्रोजेक्टला चार महिने मिळाले तर कुरकुरतो.

मालक अर्न्स्ट लाइट्झ (दुसरा) तो नमुना घेऊन १९१४ साली अमेरिकेला गेला आणि त्याने न्यूयॉर्कचे फोटो काढले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सगळं थंडावलं. बार्नाक मात्र कॅमेरा खिशात घेऊन हिंडत होता. १९२० साली वेट्झलारला पूर आला तेव्हा त्याने गल्लीबोळांतून फिरून एकामागून एक फोटो काढले. प्लेटची पेटी घेऊन पुराच्या पाण्यात कोण फिरणार होतं?

युद्धानंतर जर्मनीत महागाई इतकी भडकली की पगार घेऊन बाजारात जाईपर्यंत त्याची किंमत उतरायची. कंपनीपुढे प्रश्न होता, कामगारांना पुढे काम काय द्यायचं. १९२३ मध्ये वीस-पंचवीस चाचणीचे कॅमेरे बनवले, ते आज शून्य मालिका म्हणून ओळखले जातात. मतं काही फार उत्साहाची आली नाहीत. जूनमध्ये १९२४ साली कंपनीत लांबलचक बैठक झाली. कॅमेऱ्यांचा बाजार आधीच भरलेला, मायक्रोस्कोपवाल्यांनी यात पडावं का, एवढ्याशा निगेटिव्हला कोण विचारणार, असे आक्षेप होते. हे आक्षेप काही मूर्खपणाचे नव्हते. मी त्या बैठकीत असतो तर बहुधा विरोधातच बोललो असतो. सगळ्यांचं ऐकून घेऊन लाइट्झने धोका पत्करायचं ठरवलं. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला. लाइट्झचा ला नि कॅमेऱ्याचा का, असं साधं नाव.

पण एक माणूस राहिला, त्याच्याशिवाय हे सगळं वाया गेलं असतं. माक्स बेरेक. निगेटिव्ह छोटी म्हणजे ती खूप पट मोठी करणार, आणि मोठी करणार म्हणजे लेन्समधली बारीकशी चूकसुद्धा तितक्याच पट मोठी दिसणार. बेरेकने ५० मिलिमीटरची एफ/३.५ लेन्स काढली. तिला आधी एल्मॅक्स म्हणत, म्हणजे अर्न्स्ट लाइट्झ आणि माक्स, पुढे सुधारून एल्मार. (नंतरच्या एका लेन्सला त्याने आपल्या कुत्र्याचं नाव दिलं, हेक्टर.) कॅमेरा घेताना आपण सेन्सरची लांबी-रुंदी पाठ करतो आणि लेन्सला सोबत मिळेल ती म्हणून गप्प बसतो, हे किती उलटं आहे ते इथे कळतं.

पुढची वर्षं भराभर गेली. १९३० मध्ये लेन्स बदलता येऊ लागल्या, १९३२ मध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला. या कॅमेऱ्यात आरसा नव्हता, म्हणजे शब्दशः मिररलेसच की! दमा मात्र त्याला सुटला नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी बाट नाउहाइम इथे न्यूमोनियाने बार्नाक गेला, वय फक्त ५६. आणि योग असा की त्याच वसंतात, लाइप्झिगच्या त्याच जत्रेत, ड्रेस्डेनच्या एका कंपनीने काइन एक्झाक्टा नावाचा कॅमेरा मांडला. त्याच ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चालणारा, पण आत ४५ अंशातला आरसा असलेला. एसएलआरची गोष्ट इथून रंगली. आरशाला वर उडायला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब सरकली. कॅननच्या एसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर आहे, ऑलिंपसच्या मिररलेसमध्ये २० च्या आत. कॅमेरा जाड का होतो त्याचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे. २००८ साली पॅनासोनिकने जी१ आणून तो आरसा काढला, २०१३ मध्ये सोनीने फुल-फ्रेममधूनही काढला, आणि २०२० नंतर कॅनन-निकॉननी नवीन फुल-फ्रेम डीएसएलआर बाजारात आणलेला नाही.

आता माझं काय? बार्नाकने मला एक सूट दिली नाही, फिजिक्सची. २४ × ३६ चं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. ऑलिंपसचा सेन्सर १७.३ × १३, म्हणजे २२५. जवळजवळ चौपट फरक, दोन स्टॉप. अंधाऱ्या हॉलमध्ये मोठ्या कॅमेऱ्याचा ६४०० आयएसओ मला छोट्यावर १६०० सारखा वाटणार. रूममेट इथे बरोबर आहे आणि मी त्याला तसं सांगितलंही. पण दुसरीकडे ५डी मार्क थ्री बॅटरीसकट ९५० ग्रॅम, त्यावर चांगली २४-७० ची लेन्स आणखी ८०० ग्रॅम. माझा छोटा गडी चारशेच्या आसपास.

निर्णय मात्र ग्रॅमवर झाला नाही, एका फोटोवर झाला. ३० जानेवारी १९४८ ला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत होता. गांधीजींना तो त्याच दिवशी, खुनाच्या थोडा आधी भेटून गेला होता. बातमी कळताच तो परत बिर्ला हाउसवर आला. नेहरू फाटकावर चढून अंधारातल्या गर्दीला गांधीजी गेल्याचं सांगत होते. हातातल्या लायकाने त्याने तो क्षण टिपला. फोटो धूसर आहे, कडा विरघळल्यात, आपल्या फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल. मी तो पुस्तकात बराच वेळ बघत बसलो होतो. पेटी उघडून स्टँड लावेपर्यंत ते भाषण संपलं असतं.

बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा, शून्य मालिकेतला १०५ नंबरचा, त्याचं नाव कोरलेला, जून २०२२ मध्ये वेट्झलारलाच लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. मी दुकानात घासाघीस करून लेन्सचं टोपण फुकट मिळवलं, त्यावर समाधानी आहे.

हो, छोटाच घेतला. मागच्या रविवारी त्याच चढावर गेलो होतो. पंप दोनदा काढावा लागला, पण कॅमेरा माझ्याच गळ्यात होता. वरच्या टाक्याजवळचा एक फोटो या अंकासाठी दिलाय, सावलीचा भाग जरा रवाळ आलाय. गॅदरिंगच्या स्टेजचे फोटो काढायचं मात्र मी कबूल केलेलं नाही. तिथे उजेड नसतो. त्यासाठी क्लबचा जुना फुल-फ्रेम आहे, आणि तो रूममेट उचलणार आहे.