कुत्र्यांवरून मुंबईत दंगल पेटली, आणि जमशेटजींनी पांजरपोळ उभी केली

जे.जे. हॉस्पिटल, जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, जे.जे. उड्डाणपूल. मुंबईशी थोडाफार संबंध आलेल्या माणसाने ही नावं ऐकलेली असतातच. गावाकडून अवघड दुखणं घेऊन मुंबई गाठणाऱ्यांना तर जे.जे. पाठ असतं. हे जे.जे. म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय.

दवाखाना बांधणारे, शाळा काढणारे, धरणाला पैसे देणारे शेठ अशी त्यांची ओळख आहे. पण त्यांच्या नावाशी जोडलेली एक संस्था जे.जे. हॉस्पिटलच्याही आधीची आहे आणि ती माणसांसाठी नव्हती. ती सुरू झाली मुंबईच्या रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांमुळे.

सोळाव्या वर्षी पोरके झाले

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. घरची परिस्थिती बेताची. सोळा वर्षांचे असताना आई-वडील दोघंही गेले. मुंबईत बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रामजी बाटलीवाला या नातेवाइकांनी पोराला हाताशी धरलं. पुढे त्यांचीच मुलगी अवाबाई हिच्याशी जमशेटजींचं लग्न झालं.

नंतर जमशेटजी चीनच्या व्यापारात उतरले. जहाजाने एकूण पाच वेळा चीनची वारी केली. त्यातली एक वारी चांगलीच अंगाशी आली. १८०५ मध्ये ते ब्रन्सविक नावाच्या जहाजावर होते. तेव्हा इंग्रज आणि फ्रेंचांचं युद्ध सुरू होतं. श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी हे जहाज पकडलं आणि आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेलं. माल गेला, पैसा गेला. परक्या मुलखात, ओळखपाळख नसताना, परतीचं जहाज मिळेपर्यंत दिवस काढायची वेळ आली.

त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. त्याच्याशी झालेली ओळख पुढे धंद्यात कामी आली. जमशेटजींच्या कंपनीत त्यांच्यासोबत जैन समाजातले मोतीचंद अमीचंद, कोकणी मुस्लिम मोहम्मद अली रोगे आणि गोव्याचे कॅथलिक रॉजर डी फारिया असे भागीदार होते. कापूस आणि अफू चीनला जायची आणि पैसा मुंबईत यायचा. पोरका पोरगा मुंबईतल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक झाला.

मग आलं १८३२ साल

तेव्हाच्या मुंबईत भटकी कुत्री भरपूर होती आणि त्यांची भीतीही खरी होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर उपाय नव्हता. लुई पाश्चर यांची रेबीजवरची लस यायला अजून पन्नासहून जास्त वर्षं होती. त्यामुळे उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायची, असा नियम इंग्रज सरकारने १८१३ पासून केला होता.

१८३२ मध्ये ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. त्या काळी आठ आणे ही छोटी रक्कम नव्हती. मग पकडणाऱ्यांनी कोणतं कुत्रं पिसाळलेलं आणि कोणतं गरीब, हे बघायचं सोडून दिलं. लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. खरं तर पिसाळलेलं कुत्रं पकडणं अवघड, शेपूट हलवत जवळ येणारं पकडणं सोपं. बक्षीस मात्र दोघांचं सारखंच.

यात पारशी समाज सगळ्यात जास्त दुखावला, त्यालाही कारण होतं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. वेंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्याला कसं वागवावं, याचे नियमच आहेत. माणूस गेल्यावर त्याच्या देहाजवळ कुत्र्याला आणतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. मेल्यानंतर ओलांडायच्या पुलावर कुत्रे राखण करतात, अशीही श्रद्धा आहे.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी फोर्ट भागात कुत्री पकडायला आलेल्यांवर जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांसोबत हिंदू, जैन आणि मुस्लिम व्यापारीही त्यात उतरले. कुलाब्याच्या छावणीत सैनिकांना जाणारं अन्नपाणी अडवण्यात आलं. शेवटी लष्कर बोलवावं लागलं आणि धरपकड झाली. इतिहासात या घटनेची नोंद मुंबईची कुत्र्यांची दंगल अशी आहे.

मारायचं नाही, तर ठेवायचं कुठे?

दंगल शमली, पण प्रश्न तसाच राहिला. कुत्री मारू नका म्हणणं सोपं होतं. मग त्यांचं करायचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

ते उत्तर जमशेटजी आणि त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद यांनी दिलं. १८३४ मध्ये दोघांनी मिळून मुंबईची पांजरपोळ सुरू केली. गुजरातमध्ये म्हाताऱ्या, जखमी जनावरांसाठी अशा पांजरपोळी आधीपासून होत्या. मुंबईत भुलेश्वरला, आजच्या सी.पी. टँकजवळ ती उभी राहिली आणि सुरुवातीला तिथे आसरा मिळाला तो भटक्या कुत्र्यांना आणि डुकरांना. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून लाग लावून घेतली. म्हणजे मालाची उलाढाल झाली की थोडा पैसा पांजरपोळीला जायचा.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकून चालणार नाही. जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला होता. त्याच अफूने चीनमध्ये असंख्य घरं उद्ध्वस्त केली. मुंबईत मुक्या जनावरांसाठी हळवा झालेला हा माणूस त्या व्यापारातला मोठा व्यापारी होता. त्यांचं मोठेपण सांगताना ही बाजूही सांगावी लागते.

पुढे दानाचा ओघ वाढत गेला. अवाबाईंच्या पैशातून माहीमचा कॉजवे झाला, तो १८४५ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी जे.जे. हॉस्पिटल सुरू झालं. पुण्याच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्याला जमशेटजींनी पैसे दिले. १८४२ मध्ये ते नाइट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. हे दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचं निधन झालं.

आसरा मिळाला, घराचं काय?

भुलेश्वरची पांजरपोळ आजही सुरू आहे, पण आता तिथे प्रामुख्याने गाई आहेत. कुत्र्यांचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २००१ मध्ये देशात नियम आले की भटकी कुत्री मारायची नाहीत, तर नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचलली तिथेच सोडायची. २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यातही हेच तत्त्व राहिलं. २०२५ मध्ये कुत्री रस्त्यावर ठेवायची की निवाऱ्यात, यावर सर्वोच्च न्यायालयात पुन्हा मोठा वाद झाला. म्हणजे १८३२ चा प्रश्न अजून शिल्लक आहे.

जमशेटजींनी कुत्र्यांचा जीव वाचवला. पण पांजरपोळीत आलेलं जनावर तिथेच म्हातारं व्हायचं. निवारा म्हणजे छप्पर आणि खाणं. तिथे हाक मारणारं आपलं माणूस असेलच असं नाही. आज निवारे चालवणाऱ्यांची खरी धडपड त्याच पुढच्या पायरीसाठी असते. कुत्रं घ्यायला येणाऱ्यांना बहुतेकदा पिल्लू हवं असतं, तेही परदेशी जातीचं. कोपऱ्यात गप्प बसणारं, कोणावर न गुरगुरणारं, तीन-चार वर्षांचं गावठी कुत्रं नजरेतच भरत नाही. खरं तर लस दिलेलं, नसबंदी झालेलं आणि स्वभाव कळलेलं असं कुत्रं घरात आणणं सोपं. सुरुवातीचे काही दिवस ते बुजतं, कोपरा धरून बसतं. तेवढा वेळ त्याला द्यावा लागतो.

मराठवाड्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट इथल्या घराघरात सांगितली जाते आणि नामदेवांची नर्सी एकेकाळी परभणी जिल्ह्यातच होती. परभणीजवळच्या झरीसारख्या गावात कुत्र्याचा मालक कोण, असं विचारलं तर कदाचित नाव सांगता येणार नाही, पण संध्याकाळी ते कोणत्या ओट्यावर बसतं आणि भाकरीचा तुकडा कोण टाकतं, हे गल्लीतली पोरंही सांगतील.

मुंबईला त्यासाठी एक दंगल आणि एक शेठ लागला. पण एका गरीब कुत्र्याला घर द्यायचं असेल, तर शेठ असावं लागत नाही. एक ओटा पुरतो.