विद्येचे ऋण

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी साताऱ्याच्या शाळेत एक लहानगा विद्यार्थी दप्तराबरोबर गोणपाटाचा एक तुकडा घेऊन येत असे. इतर मुलांच्या शेजारी बसण्यास त्याला मज्जाव होता. म्हणून तो वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून बसे आणि शाळा सुटली की ते गुंडाळून घरी नेई. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे, नाही तर घसा कोरडाच राही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीत जन्मलेल्या ह्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनीवर ते मोठ्या कुटुंबाचा गाडा ओढीत. परंतु मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी हात कधी आखडता घेतला नाही. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या एका चाळीत राहावयास आले. खोली एकच, तिच्यातच चूल आणि तिच्यातच अंथरुणे. भीमराव रात्री लवकर निजत आणि दोनच्या सुमारास वडील त्यांना अभ्यासासाठी उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले, म्हणजे सुभेदार विवाहित लेकीच्या घरी जात, तिचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजात ही गोष्ट अपूर्व होती. त्यांच्या अभिनंदनासाठी सभा भरली. तीत कृष्णाजी अर्जुन केळूसकर ह्या व्यासंगी शिक्षकांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात जाऊ लागले. पण इंटरची परीक्षा होईपर्यंत सुभेदारांचे आर्थिक बळ संपले. तेव्हा केळूसकर गुरुजी त्यांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी ह्या विद्यार्थ्यास काही प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि भीमरावांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारावर १९१२ साली ते बी. ए. झाले.

लगेच ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविणार होते. भीमरावांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि मुदत तीन वर्षांची होती. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोद्यास करारावर सही केली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि तो पुरा झाल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, अशा त्यातील अटी होत्या.

न्यूयॉर्क शहरात भीमरावांना कोणी वेगळे बसविले नाही. तेथे ते सर्वांबरोबर बसत, जेवत आणि वाचनालयात तासन्‌तास वाचीत. शिष्यवृत्तीच्या पैशांतून पोटाला चिमटा घेऊन ते घरी पत्नी रमाबाईंस पैसे पाठवीत आणि जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ साली त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. पुढच्या वर्षी ते लंडनला गेले व तेथे अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास एकाच वेळी करू लागले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऐन भरात आलेला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेतली.

आता कराराप्रमाणे सेवा करावयाची होती. भीमराव बडोद्यास गेले. महाराजांचा लोभ होता, हाती मोठी पदवी होती. परंतु जातीच्या भिंती जशाच्या तशा उभ्या होत्या. कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने कागद दुरूनच त्यांच्या मेजावर फेकीत. गावात राहावयास कोणी जागा देईना. नाइलाजाने नाव बदलून ते पारशांच्या एका धर्मशाळेत राहिले. पण ही गोष्ट फुटली आणि हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली बसून त्या विद्वान तरुणाने अश्रू ढाळले आणि तो मुंबईस परतला. करार मोडावा, असे त्याच्या मनात नव्हते. तो पाळण्यास त्याला त्या नगरीत जागाच उरली नव्हती.

ज्याने पदवी मिळविली त्याची ही गत, तर इतरांचे काय? परंतु भीमराव खचले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात अध्यापकाची नोकरी करून त्यांनी पै पै साठविली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राकडून घेतलेले कर्ज यांची त्यात भर पडली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास पुरा केला. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांस डी. एस्‌सी. ही पदवी दिली.

पुढे १९४२ साली डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. एका राजाच्या औदार्यामुळे आपण शिकलो, हे ते जाणत होते. परंतु असा राजा प्रत्येक मुलाच्या वाट्यास कोठून येणार? आणि त्याची मुदत संपली म्हणजे पुढे काय? म्हणून त्याच वर्षी त्यांनी सरकारपुढे सविस्तर निवेदन ठेवले आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळावा, अशी मागणी केली. आपल्या समाजातील मुले केवळ साक्षर होऊन भागणार नाही. ती अधिकाराच्या जागी पोहोचली तरच इतरांस न्याय मिळेल, हा त्यांचा विचार होता. सरकारने वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मान्य केली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. राजाची मर्जी होती, तेथे आता सरकारचा नियम आला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. त्यांनी मागून घेतलेली ती योजना मात्र आजही चालू आहे. भीमरावांना महाराजांपर्यंत नेणारे गुरुजी लागले; आजच्या विद्यार्थ्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका जोडून संगणकावर अर्ज भरता येतो.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी एखाद्याला किंवा तुमच्या मित्राला असा अर्ज भरावा लागेल. तो भरताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, तसे ते नुसते बक्षीसही नव्हे. समाजाने विश्वासाने दिलेले ते ऋण आहे. अर्ज नीट वाचावा, मुदतीच्या आत द्यावा आणि पैसे मिळाले म्हणजे त्यांतील प्रत्येक रुपया विद्येसाठी खर्च करावा. बडोद्याचे ऋण बाबासाहेबांना बडोद्यात फेडता आले नाही. म्हणून ते त्यांनी पुढे येणाऱ्या हजारो अनोळखी विद्यार्थ्यांच्या खात्यावर जमा केले.